सेल्फ मारला की नुसती ‘टक्’ : जुन्या अँबॅसडरची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते तेव्हा

गौरी आवाहनाच्या दिवशी बहिणीला आणायला मी गुहागरला निघालो होतो. दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवली, इंजिन बंद केलं, खाडी ओलांडली. धोपाव्याच्या धक्क्याला बोटीचं तोंड खाली पडलं, पुढच्या गाड्या भराभर निघाल्या आणि आमच्या अँबॅसडरचा सेल्फ मारला तर नुसती ‘टक्’. पुन्हा मारला, पुन्हा ‘टक्’. मागे टेम्पो, त्याच्या मागे माणसांनी भरलेल्या दोन रिक्षा. बोटीवरचा खलाशी म्हणाला, “काका, सोडा ती चावी, न्यूट्रलला घाला.” चौघापाचांनी खांदा लावून गाडी चढावर काढून दिली. बॅटरी दहा महिन्यांची होती.

तिच्या आधीची चौदा महिन्यांत गेली होती, त्याआधीची वर्षभरात. दर वेळी एकच उत्तर मिळायचं : “बॅटरी बसली, नवी टाका.” नवी टाकली की गाडी दोन-तीन महिने झकास चालायची, मग सकाळी सेल्फ जड फिरायचा, मग ‘टक्’. 2022 च्या त्या गणपतीनंतर मी ठरवलं, की चौथी बॅटरी घेण्याआधी आधीच्या तीन का मेल्या हे शोधायचं. शोधायला दीड महिना गेला. जे सापडलं ते क्रमाने लिहितो, कारण किनाऱ्यावर जुनी गाडी सांभाळणाऱ्या बहुतेकांचा हाच त्रास आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत बिचाऱ्या बॅटरीचा दोष नसतो.

गाडी 1971 ची मार्क टू, काकांची. 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन, इंजिनबरोबर फिरून बॅटरी भरणारा डायनामो, त्याची वीज बॅटरीला जोडणारी-तोडणारी कटआउटची काळी पेटी, अख्ख्या गाडीला दोन फ्यूज. आमचं घर दापोली तालुक्यात, हर्णै आणि मुरूडच्या मधे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. गाडीची शेड चिऱ्याची, वर पत्रा. डायनामोवाली पद्मिनी, जुनी जीप किंवा लँडमास्टर असेल तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. डायनामोऐवजी नव्या पद्धतीचा आल्टरनेटर असलेली गाडी असेल तर डायनामोचा भाग सोडून बाकीचं वाचा.

आधी आपल्या हवेबद्दल चार ओळी, कारण घाटावरच्या मिस्त्रीला ही गोष्ट सांगून पटत नाही. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. आपल्याकडे पावसाळाभर, आणि एरवीही पहाटे, हवा त्याच्या वरच असते. खाऱ्या वाऱ्याबरोबर बोनेटखाली जाऊन बसलेलं मीठ म्हणून कधी पुरतं वाळत नाही. तांब्याची वायर, तिच्या टोकाला बोल्टात बसणारी पितळी किंवा शिसं चढवलेली कडी, म्हणजे थिंबल, खाली लोखंडी पत्रा आणि मधे खारं पाणी. वेगवेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हटलं की तिथे आपोआप एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ती लोखंड खात बसते. बाहेरून नट घट्ट दिसतो, आत थिंबल आणि पत्रा यांच्यात तपकिरी पापुद्रा धरलेला असतो.

बॅटरी खरंच गेलीय का?

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी दार उघडण्याआधी, दिवा लागण्याआधी मल्टिमीटर थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा, टर्मिनलच्या क्लँपवर नको. 12.6 ते 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. नुकतीच चालवून आणलेली गाडी जो आकडा दाखवते तो फुगलेला असतो, त्याच्यावर विसंबू नका.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरइतका, म्हणजे ऍसिडची घनता मोजणाऱ्या नळीइतका, खरा साक्षीदार नाही. पुरती चार्ज केल्यावर आपल्याकडच्या बॅटऱ्यांत ऍसिडची घनता 1.240 ते 1.280 च्या दरम्यान येते. नेमका आकडा कंपनीच्या कागदावर असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सहाही सेल सारखे हवेत. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 0.050 किंवा जास्त खाली असेल तर तो सेल गेला, आणि त्याच्यासोबत बॅटरी गेली. सहाही सेल सारखेच खाली असतील तर ती मेलेली नाही, उपाशी आहे. माझी ‘बसलेली’ दहा महिन्यांची बॅटरी अशी सारखी उपाशी निघाली : सहाही सेल 1.170 च्या आसपास. 4 अँपिअरवर रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस चार्ज केली, सगळे सेल वर आले. तीच बॅटरी मी भंगारात देणार होतो.

मात्र उपाशी बॅटरी तशीच आठवडेन् आठवडे राहिली तर प्लेटींवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती खरंच मरते. आधीच्या दोन तशाच मेल्या असणार.

पाणी घालायचं ते डिस्टिल वॉटरच. आमच्याकडे पत्र्याच्या पागोळीचं पाणी धरून बॅटरीत घालायची जुनी सवय आहे, ‘आभाळाचं पाणी म्हणजे शुद्धच’ म्हणून. पत्र्यावरून आलेल्या पाण्यात गंज आणि मीठ दोन्ही उतरतं. ती सवय सोडा. चार्जिंग चालू असताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा शेडचं दार उघडं ठेवा आणि जवळ कुणाला विडी पेटवू देऊ नका.

आता एक गोष्ट करून पाहा, मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. मीटरची काळी पिन निगेटिव्ह खुंटीवर धरा आणि लाल पिन बॅटरीच्या नुसत्या प्लॅस्टिकच्या पाठीवर फिरवा, कुठल्याही धातूला न लावता. माझ्या मीटरवर 3 व्होल्ट, थोडं पुढे सरकवलं तर 5. ऍसिडचा वाफारा, धूळ आणि मीठ यांची ओलसर साय पसरली होती आणि तिच्यातून दोन खुंट्यांमधे रात्रंदिवस थोडी थोडी वीज झिरपत होती. झाकणं घट्ट लावून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने पाठ धुवा, फसफस थांबली की साध्या पाण्याने धुऊन कोरडी पुसा. सोड्याचा थेंबही सेलमधे जाता कामा नये. धुतल्यावर त्याच मीटरने पुन्हा पाहा, आकडा शून्याला आलेला दिसेल.

अर्थ (बॉडीतून बॅटरीकडे परतणाऱ्या विजेचा जोड) : इथेच खरा घोळ होता

‘टक्’ म्हणजे सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा विजेवरचा स्विच) ओढला जातोय, पण सेल्फला हवी तेवढी वीज पोचत नाही. दिवे मात्र छान लागतात, हॉर्न वाजतो, म्हणून आपण गोंधळतो. हेडलाइटचे दोन्ही बल्ब मिळून 7-8 अँपिअर घेतात, सेल्फ घेतो शंभर आणि वर. बारीक नळीतून तांब्या भरता येतो, विहीर उपसता येत नाही.

धोपाव्याला गाडी ढकलून सुरू झाल्यावर मी चोक आत ढकलायला हात घातला आणि चटका बसला. चोकची तार गरम होती. त्या दिवशी घाईत त्याचा अर्थ लागला नाही. घरी आल्यावर रात्री अंथरुणावर पडलो असताना लागला. अँबॅसडरचं इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं. त्याला बॉडीशी जोडते ती एकच विणलेली तांब्याची पट्टी. ती पट्टी निकामी झाली तर सेल्फची वीज परतीची दुसरी वाट शोधते, आणि इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत जाणारी लोखंडी वस्तू म्हणजे चोकची केबल, ऍक्सिलरेटरची केबल. शंभर अँपिअरचा भार चोकच्या तारेवर आला तर ती तापणारच. कुणाच्या गाडीत चोकची तार तापते, तिच्या आवरणाचा वास येतो किंवा ती आतल्या आत चिकटते असं होत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी ती पट्टी पाहा.

पण ‘पाहा’ म्हणजे डोळ्याने नव्हे. मी डोळ्याने पाहिली होती, पट्टी जागेवर होती, नट घट्ट होता. मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन टोकांना लावला, तोही ‘पीं’ वाजला. बझर इथे फसवतो. जोडात 0.02 ओहमचा अडथळा असेल तर साध्या मीटरला तो दिसतच नाही, पण 100 अँपिअर जाताना तिथे 2 व्होल्ट जळून जातात. म्हणून अर्थ तपासायचा तो भार चालू असतानाच, व्होल्टवर.

कॉइलवरची बारीक पांढरी वायर काढून तिचं टोक टेपने गुंडाळा, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन पेटणार नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटर व्होल्टवर. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी दाबून. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. माझी मुलगी आत बसली होती. ती म्हणाली, “बाबा, मारू?” आणि मीटरवर 2.6 व्होल्ट. हा आकडा पाव व्होल्टच्या आत हवा. मग तुकडे पाडले : बॅटरीची खुंटी ते बॉडी 0.9, बॉडी ते इंजिन ब्लॉक 1.7. म्हणजे दोन्ही जोड खराब, इंजिनचा जास्त. पॉझिटिव्ह बाजूलाही हेच करा, खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. तिथे माझ्याकडे 0.3 निघाला, तो चालण्यासारखा.

पट्टी सोडवली. वरून तांबूस दिसणारी ती विणलेली पट्टी मधून वाकवली तर हातात चुरा आला, निम्म्या तारा आतून हिरव्या पडून तुटलेल्या. तिच्या थिंबलखाली मागच्या रंगकामातला रंग तसाच होता. बॉडीला नवा रंग मारताना कुणीतरी अर्थच्या जागेवरही मारला आणि वरून बोल्ट आवळला. इतकी वर्षं ती पट्टी फक्त बोल्टच्या आट्यांमधून वीज नेत होती.

दुरुस्ती साधी आहे, पण आळस न करता करायची. बॅटरी सोडताना आधी अर्थचं टर्मिनल काढा आणि जोडताना ते शेवटी जोडा, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. अर्थच्या जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी जागा. नवी पट्टी कथिल चढवलेल्या तांब्याची मिळाली तर ती घ्या, आपल्या हवेत साधं तांबं लवकर काळवंडतं. मी बॉडी-इंजिन पट्टीला जोडीदार म्हणून दुसरी जाड वायर गिअरबॉक्सच्या बोल्टपासून बॉडीला नेली. थिंबल थेट लोखंडावर, तिच्यावर दातेरी वॉशर, मग नट. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा जाड लेप. जेली आधी लावून मग आवळणारे पुष्कळ आहेत. घट्ट आवळला तर तोही जोड चालतो, पण मी आधी धातूला धातू भिडवतो आणि मग झाकतो, म्हणजे मनात शंका राहत नाही.

पुन्हा सेल्फ मारला. खुंटी ते ब्लॉक 0.15 व्होल्ट. सेल्फचा आवाजच बदलला. एका गोष्टीने मात्र क्षणभर धास्ती वाटली : सेल्फ फिरताना बॅटरीच्या खुंट्यांवरचा आकडा आधी 10.9 होता, तो आता 10.3 झाला. बॅटरी बिघडली की काय? नाही. वाट मोकळी झाल्यावर सेल्फ त्याला हवी तेवढी वीज घेऊ लागला, म्हणून बॅटरी थोडी जास्त वाकली. दहा-पंधरा सेकंद सेल्फ फिरवूनही आकडा 9.6 च्या खाली जात नसेल तर बॅटरी ठीक.

दिव्यांचे अर्थही ह्याच रोगाचे. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर लावला की टेललॅम्प लुकलुकतो, असं असेल तर बल्ब बदलत बसू नका. मागच्या दिव्याच्या डब्यातून अर्थची वेगळी वायर काढून बॉडीच्या स्वच्छ जागेला जोडा. अर्ध्या तासाचं काम आहे.

डायनामो भरतोय किती?

जुन्या गाड्यांत डायनामो आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मंद लुकलुकतो, तो बिघाड नाही. रेस थोडी वाढवली की दिवा पुरता विझायला हवा. या वर्गातला लुकास या ब्रिटिश कंपनीच्या घाटणीचा डायनामो जोरात फिरताना साधारण 20 अँपिअर देतो. आता रात्री, पावसात घाट चढतानाचा खर्च मांडा. हेडलाइट 45 वॉटचे दोन, म्हणजे 90 वॉट. पार्किंग, टेल, नंबर प्लेट मिळून 25. वायपर 35-40. इग्निशन 40. झाले 190-195 वॉट, म्हणजे 16 अँपिअर. खेडवरून येताना ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमधे रांगत असाल तर डायनामो तेवढे देऊ शकत नाही, कमी पडेल ते बॅटरी आपल्या पोटातून देते. घरी पोचल्यावर इंजिन बंद, आणि बॅटरी निघताना होती त्याहून रिकामी. पावसाळ्यात दापोली-हर्णै अशा छोट्या फेऱ्याच मारल्या तर ती तूट कधी भरतच नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमधे मी पंधरा दिवसांनी एकदा रात्रभर चार्जर लावतो, गाडीत काहीही बिघाड नसला तरी.

आधी डायनामो फिरवणारा पट्टा तपासा. दोन पुलींच्या मधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच दबायला हवा. ओल्या हवेत चकाकी धरलेला पट्टा घसरतो आणि किंचाळतोही. मग रेस वाढवून बॅटरीवर व्होल्ट पाहा. दिवे बंद ठेवून 13.8 ते 14.4 च्या दरम्यान यायला हवेत.

माझे 13.3 च्या पुढे जात नव्हते. डायनामो दोषी वाटला, तो नव्हता. कटआउटच्या पेटीच्या ‘ए’ टर्मिनलला 13.9 मिळत होते. मधल्या तपकिरी वायरीच्या थिंबलला हिरवं किटण चढलं होतं, तिथे आणि बॅटरीच्या अर्थवर मिळून अर्धा व्होल्टहून जास्त गळत होता. म्हणजे जो रोग सेल्फला, तोच चार्जिंगला. अर्धा व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो, पण 13.3 वर बॅटरी छोट्या फेऱ्यांत पूर्ण भरतच नाही, कायम अर्धपोटी राहते.

डायनामोवरच संशय असेल तर जुनी, खात्रीची चाचणी अशी. डायनामोवरच्या दोन्ही वायरी, मोठी ‘डी’ आणि छोटी ‘एफ’, काढा. डायनामोची ती दोन टर्मिनल्स एका तारेने एकमेकांना जोडा. मीटर त्या तारेवर आणि अर्थवर. इंजिन सुरू करून रेस हळूहळू हजार फेऱ्यांपर्यंतच न्या. आकडा न अडखळता झपाझप वर चढला पाहिजे. 20 व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका आणि उगाच रेस मारू नका. आकडाच नसेल तर कार्बन (वीज उचलणारे ब्रश) झिजले किंवा ते ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर काळा पडला आहे. अर्ध्या-एक व्होल्टवर अडकला तर फील्डची (बाहेरची, स्थिर) गुंडाळी गेली, 4-5 वर अडकला तर आर्मेचरची (आतली, फिरणारी). आपल्याकडे बहुतेकदा कार्बनच निघतात. कार्बनची पेटी दमट होऊन कार्बन आत चिकटतो आणि स्प्रिंग त्याला खाली दाबू शकत नाही.

कटआउटचे पॉइंट कधीकधी चिकटतात. इंजिन बंद केल्यावर बोनेटखाली जळका वास आला, कटआउटची पेटी तापली, तर विचार करत बसू नका, बॅटरीचा अर्थ लगेच उपटा. चिकटलेल्या पॉइंटमधून बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होते आणि वायरिंग जाळते. ते पॉइंट बारीक काचपेपरने साफ करतात, एमरीने नाही. त्या पेटीतल्या स्प्रिंगा वाकवून व्होल्टेज जुळवायचं काम मात्र ज्याचा हात बसलाय त्यालाच करू द्या.

डायनामो खोलून परत बसवला, किंवा बॅटरी कधी चुकून उलटी लागली, तर डायनामोला ध्रुव नव्याने द्यावा लागतो. ‘एफ’ची वायर कटआउटकडून सोडवून तिचं टोक बॅटरीच्या लाइव्ह टर्मिनलला क्षणभर टेकवायचं, बारीक ठिणगी पडली की झालं. 1960 च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश घाटणीच्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो, हे ध्यानात ठेवा. अर्थ कुठला हे पाहिल्याशिवाय अशा गाडीला चार्जर, रेडिओ किंवा दुसऱ्या गाडीची जंप केबल लावू नका.

उभ्या गाडीतली गळती, पावसात मोजा

जुन्या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्ट्रल लॉक नाही. घड्याळ नसेल तर उभ्या गाडीत वीज शून्य जायला हवी. बॅटरीचं अर्थ टर्मिनल काढून त्याच्या आणि खुंटीच्या मधे मीटर 10 अँपिअरवर जोडा. हे जोडलेलं असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल. मीटर नसेल तर 5 वॉटचा बल्ब मधे लावा, तो जराही पेटता कामा नये.

मार्चमधे मी हे मोजलं होतं, आकडा शून्य आला आणि मी गळतीचा विचार सोडून दिला. तीच माझी मोठी चूक. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, रात्रभर झड लागून गेल्यावर सकाळी मोजलं तर 0.31 अँपिअर. दिवसाला साडेसात अँपिअर-तास. 60 अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांत अर्धी. म्हणून किनाऱ्यावरची गळती कोरड्या दिवशी मोजून उपयोग नाही. पाऊस नसेल तर फवाऱ्याने ग्रिलच्या आतल्या, बंपरजवळच्या वायरींवर पाणी मारून मोजा.

एकेक फ्यूज काढला, आकडा हलला नाही. म्हणजे गळती फ्यूजच्या आधीच्या, कायम लाइव्ह वायरीवर. लुकासच्या जुन्या पद्धतीत तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी चावीनंतरची, हिरवी चावी आणि फ्यूज यांच्यानंतरची, जांभळी कायम लाइव्ह पण फ्यूजमधून, काळी अर्थ. ही पाच नावं पाठ असली की अर्धी वायरिंग वाचता येते, जर मधे कुणी हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडली नसेल. आमच्यात जोडली होती. काकांच्या वेळी धुक्यासाठी दोन पिवळे दिवे लावले होते. दिवे कधीच गेले, पण त्यांची वायर तपकिरीला पिळून जोडलेली आणि टोक बंपरमागे टेप गुंडाळून सोडलेलं. टेप काढली तर आत तांबं राहिलंच नव्हतं, हिरवा चिखल होता, आणि तो चिखल बंपरच्या गंजाला टेकलेला. वायर मुळापासून कापली. मीटर शून्य.

नवा जोड करायचाच असेल तर डाख द्या आणि वर गोंद असलेली आकसणारी नळी चढवा. नुसत्या टेपच्या आत पाणी शिरतं आणि बाहेर येत नाही.

आल्टरनेटर टाकावा का, असं बरेच जण विचारतात. रोज रात्रीचा प्रवास असेल तर टाका, आयडललाही भरतो, माझा विरोध नाही. पण खराब अर्थवर बसवलेला आल्टरनेटरही बॅटरी उपाशीच ठेवतो. मी डायनामो ठेवला, कारण दुरुस्तीनंतर तो पुरतो आणि त्याची घरघर काकांच्या गाडीची ओळख आहे.

जी गाडी गणपती आणि शिमग्यालाच निघते, तिच्या अर्थवर पितळी फिरकीचा स्विच बसवा आणि निघताना फिरवून ठेवा. नुसती ठेवलेली बॅटरीही आपल्या उकाड्यात आपोआप उतरते, म्हणून महिन्याला एकदा चार्जिंग हवंच. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हते, चार्जर भिंतीला टांगलेला. तेव्हा डिकीतलं, इंजिन हाताने फिरवायचं हँडल कामी आलं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीने वेढू नका, आणि खालून वर ओढा. इंजिन उलटं मारलं तर अंगठा मोडतो, मनगटही जातं.

ती ‘बसलेली’ बॅटरी 2022 च्या ऑक्टोबरात चार्ज करून पुन्हा बसवली. त्यानंतर तिने सलग दोन पावसाळे काढले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मोजलं तेव्हा सकाळी 12.6, सेल्फ फिरताना 10.2, रेसवर 13.9, उभ्या गाडीत शून्य. मेअखेरीस चारही अर्थ सोडवून, घासून, जेली लावून पुन्हा आवळतो. पेट्रोलचा काटा इंडिकेटरबरोबर अजून थोडा डुलतो. फ्यूजच्या चिमट्यापासून डॅशबोर्डवरच्या काट्यांपर्यंतची हिरवी वायर तपासायची राहिलीय, ती दिवाळीनंतर हवा सुकली की धरणार आहे.